डिस्पॅच फंक्शन की सरळ कॉन्ड? आंब्याच्या बिलावरून निघालेला वाद

दापोलीकर: काल येथे एका सदस्याने लिहिले की, क्लोजर (Clojure) या प्रोग्रामिंग भाषेतील डेफमल्टी, म्हणजे नोंदीच्या प्रकारानुसार वेगळा कोड निवडण्याची सोय, हा साध्या कॉन्डला, म्हणजे एकामागोमाग अटी तपासणाऱ्या रचनेला, चढवलेला भरजरी अंगरखा आहे आणि लहान कामात त्याची गरज नाही. हे मला मुळीच पटलेले नाही. आंब्याच्या बिलाचेच पाहा: पेटीचा आंबा डझनावर जातो आणि कॅनिंगचा (डबाबंद करण्यासाठीचा) किलोवर. क्लोजरमध्ये कीवर्ड (‘:’ने सुरू होणारे नाव) स्वतःच फंक्शन असल्यामुळे नोंदीच्या मॅपमधील (नाव-मूल्य जोड्यांच्या संचातील) :विक्री हाच कीवर्ड डिस्पॅच फंक्शन, म्हणजे कोणता कोड चालवायचा हे ठरवणारे फंक्शन, म्हणून पुरतो. पुढच्या हंगामात घरपोच विक्री सुरू झाली, तर नव्या फाइलीत एक डेफमेथड, म्हणजे त्या प्रकाराचा हिशेब, लिहायची. तपासून झालेल्या जुन्या कोडला हात लावावा लागत नाही.

देवगडवाला: ते मत माझे होते आणि मी त्यावर ठाम आहे. बिलाचे सगळे नियम एका पानावर दिसले पाहिजेत. शिवाय, डिस्पॅच फंक्शन बदलून चालू आरईपीएलमध्ये (कोड लगेच चालवून पाहण्याच्या खिडकीत) डेफमल्टी पुन्हा चालवली, तरी जुनेच फंक्शन कायम राहते, आणि हे कळेपर्यंत माणूस स्वतःच्याच कोडवर संशय घेत बसतो. पण खरा घात :डिफॉल्टने, म्हणजे कोणताच प्रकार जुळला नाही तर चालणाऱ्या मेथडने, केला. एका बागायतदाराकडे मे महिन्याच्या अखेरीस नोंद करणाऱ्या मुलाने ‘:कॅनिंग’ऐवजी ‘:कॅनींग’ लिहिले. आधीच्या प्रोग्रामरने :डिफॉल्टमध्ये पेटीचा हिशेब घातलेला होता, त्यामुळे २४० किलो मालाला २४० डझनांचा भाव लागला.

मालवणहून: हा दोष :डिफॉल्टचा नसून त्यात पेटीचा हिशेब घालणाऱ्याचा आहे. ती मेथड नसती, तर जुळणारी मेथड सापडत नाही म्हणून तेथेच अपवाद फेकला गेला असता, म्हणजे प्रोग्राम चूक दाखवून थांबला असता. उलट तुमचा लाडका कॉन्ड एकही अट जुळली नाही की निमूटपणे निल (म्हणजे ‘काहीच नाही’) परत करतो.

देवगडवाला: लिहिणाऱ्यावर दोष ढकलून हात झटकू नका, वाशीची गाडी भरायच्या घाईत त्या बागायतदाराला शिव्या खाव्या लागल्या, तुम्हाला नव्हे. कॉन्ड नको असेल तर केस घ्या, ती एकाच मूल्यावरून पर्याय निवडते. शेवटची पर्यायी बाजू दिली नाही, तर केसही अपवाद फेकते, आणि नियम एकत्र राहतात.

रत्नागिरीची वाचक: अपवाद प्रोग्राम चालू असतानाच फेकला जातो, हे तुम्ही सगळेच विसरत आहात. हास्केल या भाषेत योग्य इशारे चालू ठेवले, तर पॅटर्न मॅचिंगमध्ये (माहितीच्या रूपावरून पर्याय निवडताना) सुटलेला प्रकार कंपायलर, म्हणजे कोड चालण्याआधी तो तपासून भाषांतर करणारा प्रोग्राम, आधीच दाखवतो.

दापोलीकर: हे नाइलाजाने मान्य करतो. मात्र तेथे विक्रीचा नवा प्रकार आणायचा म्हणजे मूळ व्याख्या उघडावी लागते. जुना कोड न उघडता नवे प्रकार आणि नवी कामे दोन्ही कशी जोडायची, या ज्या प्रश्नाला संगणकशास्त्रज्ञ फिलिप वॉडलर यांनी १९९८ मध्ये ‘एक्स्प्रेशन प्रॉब्लेम’ म्हटले, तो हाच पेच आहे. क्लोजरमधील प्रोटोकॉलही (निवडीची दुसरी सोय) कोणी सुचवू नयेत. ते वेगवान असले, तरी पहिल्या आर्ग्युमेंटच्या (फंक्शनला दिलेल्या मूल्याच्या) टाइपवरच निवड करतात, आणि आमचा सगळा माल मॅपच असतो, म्हणजे टाइप एकच.

देवगडवाला: :डिफॉल्ट लिहायचेच नाही, ही अट तुम्ही पाळणार असाल, तर घरपोच विक्रीसाठी डेफमल्टी वापरा. त्या बागायतदाराचे बिल मात्र मी केसमधूनच काढणार आहे.