मदत हवी आहे: लिफ्ट किट गॅरेजमध्ये बसवू की घरीच?

ऊसवाला_०९
गाडी उंच करायला दोन इंचाचं लिफ्ट किट बसवायचंय. गॅरेजवाला किट सोडून नुसत्या मजुरीचे नऊ हजार मागतोय, वर गाडी तीन दिवस ठेवून जा म्हणतोय. नऊ हजारात पान्यांचा अख्खा सेट येतो. ट्रॅक्टरची कामं मी घरीच करतो, हात बसलेला आहे. रविवारी एका दिवसात उरकेल का? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा. कारखाना सुरू व्हायच्या आत करायचंय.

घाटवेडा
गाडी कुठली?

ऊसवाला_०९
थार.

घाटवेडा
कुठली थार लगा? जुनी का २०२० नंतरची? जरा इस्कटून सांग की. नवीला चारी बाजूला कॉइल स्प्रिंग. पुढची शॉकअपवर चढवलेली असती, ती सोडवायला स्प्रिंग दाबायचा कॉम्प्रेसर लागतो. तो सटकला तर तोंडाचा नकाशा बदलतो. ते काम घरी नको. जुनी असली तर पुढं टॉर्शन बार, म्हणजे पिळ घेऊन स्प्रिंगचं काम करणारी दांडी, मागं स्प्रिंगचे पाटे. मग बोलू.

ऊसवाला_०९
जुनी. २०१६. आता सांगा.

पाना_१७
जुनी असली तर पुढच्याला किट घेऊच नको भावा. टॉर्शन बारच्या मागच्या टोकाला बोल्ट आहे, तो आवळला की गाडी वर येते. मी अर्ध्या तासात केलंय, चहा गार व्हायच्या आत. मागं पाट्याखाली ठोकळा आणि पाटा अॅक्सलला बांधायला लांब यू-बोल्ट. कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर ठोकळा कोणीही करून देईल. नऊ हजार कशाचे?

घाटवेडा
हेच ऐकून लोक गाडीची वाट लावतात. बोल्ट आवळून बार लांब होत नाही. गाडी वर बसते, पण चाकाला खाली जायला जागाच उरत नाही. खड्डा आला की वरचा आर्म स्टॉपवर आपटतो, खट खट. चाक फिरवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, रबरी बूट फाटतो, आत माती गेली की जॉइंट संपला. तुझे बूट किती दिवस टिकले ते पण सांग की.

पाना_१७
दीड वर्ष. एकच फाटला.

घाटवेडा
😄

रंकाळ्याकाठी
मी जिप्सीला मोठी शॅकल, म्हणजे पाटा चासीला टांगणारी कडी, घरी बसवली होती, म्हणून लिहितो. जॅक कमी पडला म्हणून खाली वीट घेतली. भाजलेली, चांगली खणखणीत वीट. मी यू-बोल्टच्या नटवर पाइप घालून जोर लावत होतो. आधी आवाज आला, बिस्कीट मोडल्यासारखा. मग विटेच्या कडेचा भुगा पायावर पडला. बाहेर सरकलो आणि गाडी खाली आली. काढलेलं चाक मी चासीखाली आडवं सारून ठेवलं होतं, गाडी त्यावर टेकली. ते चाक नसतं तर हा प्रतिसाद लिहायला मी नसतो. गाडी टेकवायच्या लोखंडी घोड्या घ्या दोन, फरशीवर लावा, वीट-दगड काही नको. बाकी घरी करा नाहीतर गॅरेजला, तुमची मर्जी.

नियमवाला
घरी की गॅरेजला हा प्रश्नच गौण आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचा. कंपनीच्या मूळ रचनेत बदल चालत नाही, सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलंय. दंड प्रत्येक बदलामागे पाच हजार, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे. अपघात झाला तर विमावाले आधी गाडीखाली वाकून बघतात.

पाना_१७
साहेब, ऊसाच्या फडात कोण बघायला येतंय?

नियमवाला
फडात जायला रस्त्यावरूनच जावं लागतं ना?

पंचगंगेचा_शेजारी
महापुरासाठी उचलताय का? तसं असेल तर नाद सोडा. २०१९ ला पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४३. दोन इंच कुठं लावणार? त्यापेक्षा आठवडा आधी गाडी पन्हाळ्यावर नेऊन लावा, आम्ही तेच करतो.

जिम्नी_नवशिका
जिम्नीला दोन इंच केलं तर काय काय लागेल? स्टेअरिंग हलतं असं ऐकलंय.

घाटवेडा
जिम्नीचा कॅस्टर, म्हणजे पुढच्या चाकाच्या वळण्याच्या अक्षाचा मागचा कल, कमी होतो, गाडी हायवेला भरकटते. तो कल परत आणणारे करेक्शन बुश लागतात. वेगळा धागा काढा भाऊ.

ऊसवाला_०९
पुराचं नाही, कायद्याचंही विचारलं नाही. एका दिवसात होईल का एवढंच विचारलंय. 🙏

निवृत्त_फिटर
होईल, दोघं असाल तर. जुने यू-बोल्ट पुन्हा वापरू नका, ते एकदा ताणले की संपले. नवे आवळल्यावर चार-पाचशे किलोमीटरनी परत आवळा. पुढचं अलाइनमेंट बिघडणारच, त्यासाठी तुम्हाला गॅरेजची पायरी चढावी लागेलच. मागं ठोकळा घातला की मागच्या अॅक्सलला जाणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलतो. गाडी साठ-सत्तरला थरथरली तर कारण तिथं शोधा.

पण मला आधी हे सांगा, गाडी उचलायची कशाला? टेकतंय काय?

ऊसवाला_०९
खालून घासते. शेताच्या रस्त्याला ट्रॉल्यांनी चाकोऱ्या पाडल्यात, मधे वरंबा उरलाय.

निवृत्त_फिटर
"खालून" म्हणजे काय? खाली आडवे पडा आणि कुठला रंग उडालाय ते बघा. तोपर्यंत एक रुपया खर्च करू नका.

पाना_१७
काका, लिफ्ट केली की सगळंच वर जाणार की.

निवृत्त_फिटर
नाही. इथंच सगळे फसतात. पाट्याखाली ठोकळा घातला की चासी वर जाते, बॉडी वर जाते. मागचा अॅक्सल चाकांना बांधलेला आहे, तो होता तिथंच राहतो. डिफरेन्शियलचा गोळा, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरांचा डबा, त्या अॅक्सलवर. जमिनीपासून गोळ्याचं अंतर फक्त मोठ्या टायरनं वाढतं. पुढचा गोळा या गाडीत चासीला आहे, तो मात्र वर जाईल.

घाटवेडा
काकांचं बरोबर. मी २३५/७० आर १६ काढून २४५/७५ घातले. टायरची उंची साधारण ३८ मिलिमीटरनी वाढते, पण गोळ्याखाली मिळतात त्याच्या निम्मे, १९. आणि स्पीडोमीटर पाच टक्के कमी दाखवतो, ते नियमवाले साहेबांना सांगू नका.

नियमवाला
वाचलं.

ऊसवाला_०९
आत्ता बॅटरी घेऊन खाली जाऊन आलो. मागच्या गोळ्याच्या बुडाला रंग अजिबात नाही, रुपयासारखं चकचकतंय. ड्रेन नटाचे कोपरे झिजून गोल झालेत. चासी, सायलेन्सर, गिअरबॉक्स, सगळीकडं गेल्या वर्षीचा चिखल जसाच्या तसा. म्हणजे ते नऊ हजार आणि किटचे पैसे...

निवृत्त_फिटर
वाचले. तो नट आधी बदला, नाहीतर तेल बदलताना पाना बसणार नाही.

पाना_१७
मी तर आधीपासून म्हणतोय नऊ हजार कशाचे.

नांगर_आणि_स्टेअरिंग
वाचता वाचता थकलो बाबांनो. वरंबा नडतोय ना? ट्रॅक्टर घरचा आहे. मागं ब्लेड लाव, दोन फेऱ्यांत वरंबा सपाट. वर दोन ट्रॉल्या मुरूम टाक. गाडीला हात लावायचं कामच नाही. हे कसं सुचलं नाही कुणाला?

घाटवेडा
आयला. 😂

ऊसवाला_०९
सुचलं होतं. रस्ता सामायिक आहे. निम्मा चुलत्याचा. ब्लेड लावायचं तर त्यांना विचारावं लागतं, आणि आमचं बोलणं दोन वर्षं बंद आहे. म्हणून गाडी उचलायला निघालो होतो.

नांगर_आणि_स्टेअरिंग
हे पहिल्या ओळीत लिहायचं असतं!

पंचगंगेचा_शेजारी
मोजणी झालीय का? सातबारावर रस्त्याची नोंद आहे का? आमच्यात अशीच भानगड झाली होती, तहसीलदारांकडं अर्ज केला होता. सांगतो.

ऊसवाला_०९
नोंद नाही. सांगा.