खेळाडूंवर बंदी येते, वरच्या खुर्चीचं काय? लीगच्या पदाधिकाऱ्यांना जाब विचारायचा तर कुठून सुरुवात करावी?

स्लिपमधला:
२०१३ चं आयपीएल स्पॉट फिक्सिंग आठवा. श्रीसंत, अजित चंडिला आणि अंकित चव्हाण यांना दिल्ली पोलिसांनी मे महिन्यात मुंबईत पकडलं. सप्टेंबरात भारतीय क्रिकेट मंडळाने (बीसीसीआय) श्रीसंत आणि चव्हाण यांच्यावर आजीव बंदी घातली. खेळाडूंचा हिशेब चार महिन्यांत लागला. ज्यांच्या हातात लीग होती त्यांनी प्रकरण कसं हाताळलं, याचा जाब मात्र न्यायालयाला मागावा लागला आणि त्याला दीड वर्ष गेलं.

आता आपल्याकडे महाराष्ट्र प्रीमियर लीग आहे, टी-२० मुंबई आहे. अशा एखाद्या राज्य संघटनेच्या लीगमध्ये खेळाडूच्या गैरवर्तनाची तक्रार आली (फिक्सिंग असो, मारहाण असो, महिलेशी गैरवर्तन असो) आणि वरच्यांनी ती थातुरमातुर चौकशी करून मिटवली, तर हाताळणी चुकली हे कशावरून ठरवायचं? आणि संलग्न क्लबच्या साध्या सभासदाने कोणाचं दार ठोठवायचं? 'राजीनामा द्या'च्या घोषणा नकोत, चालणारी वाट सांगा.

पुराव्यानिशी:
२०१३ चं प्रकरण खोलात वाचलं तर एक विचित्र गोष्ट दिसते. मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष एन. श्रीनिवासन यांची खुर्ची 'प्रकरण नीट हाताळलं नाही' या मुद्द्यावर गेलीच नाही.

क्रम बघा. २४ मे २०१३ ला मुंबई पोलिसांनी गुरुनाथ मय्यपन यांना सट्टेबाजीच्या प्रकरणात अटक केली. ते श्रीनिवासन यांचे जावई. चेन्नई संघ इंडिया सिमेंट्सचा, आणि त्या कंपनीचे प्रमुख म्हणजे खुद्द मंडळाचे अध्यक्ष. मंडळाने चौकशीला तिघांची समिती नेमली: दोन निवृत्त न्यायाधीश आणि सचिव संजय जगदाळे. ३१ मेला जगदाळे आणि खजिनदार अजय शिर्के यांनी पदं सोडली, जगदाळे समितीतही राहिले नाहीत. उरलेल्या दोघांनी जुलैअखेर क्लीन चिट दिली. दोनच दिवसांनी, ३० जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाने ती समितीच बेकायदा ठरवली. अहवालातले निष्कर्ष चुकले म्हणून नव्हे, समिती आयपीएलच्या स्वतःच्या नियमांप्रमाणे नेमली नव्हती म्हणून.

एक पोकळी मात्र राहिली. नवी समिती नेमून द्यायला उच्च न्यायालय तयार झालं नाही. त्यामुळे क्रिकेट असोसिएशन ऑफ बिहार सर्वोच्च न्यायालयात गेली आणि ऑक्टोबर २०१३ मध्ये त्या न्यायालयाने नेमलेली मुद्गल समिती आली.

हाताळणी चुकली हे कशावरून ठरवायचं, ते या समितीच्या नोव्हेंबर २०१४ च्या अहवालावरून कळतं. श्रीनिवासन फिक्सिंगमध्ये नव्हते आणि त्यांनी तपासात खोडा घातला नाही, असं समितीने म्हटलं. पण पुढे हेही नोंदवलं की एका खेळाडूने आचारसंहिता मोडल्याचं त्यांना आणि मंडळाच्या आणखी चार अधिकाऱ्यांना ठाऊक होतं, तरी कारवाई झाली नाही. खेळाडूचा उल्लेख 'व्यक्ती क्रमांक ३' एवढाच. माहिती होती, अधिकार होता, कृती नव्हती. माझ्या मते वरच्यांची जबाबदारी मोजायला हे तीन प्रश्न पुरतात: कोणाला कळलं, कोणत्या तारखेला कळलं, त्यानंतर लेखी काय झालं.

न्यायालयात मात्र तेवढ्याने भागलं नाही. २२ जानेवारी २०१५ च्या निकालात प्रकरण दडपल्याचा आरोप सिद्ध होत नाही असंच ठरलं. श्रीनिवासन अडकले ते हितसंबंधांवर. पदाधिकाऱ्याने मंडळाच्या सामन्यांत व्यापारी हितसंबंध ठेवू नयेत असा नियम ६.२.४ होता. चेन्नईचा लिलाव झाला जानेवारी २००८ मध्ये, तेव्हा ते खजिनदार होते. त्याच वर्षी सप्टेंबरात त्या नियमातून आयपीएल वगळण्यात आलं. आधी लिलाव, मग दुरुस्ती! न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली आणि हितसंबंध सुटेपर्यंत मंडळाची निवडणूक लढवायला त्यांना मनाई केली.

यातून तक्रार लिहिणाऱ्याने घ्यायचं ते एवढंच: 'दडपलं' म्हटलं की हेतू सिद्ध करावा लागतो, आणि हेतूचा कागद कोणी फायलीत ठेवत नाही. हितसंबंध मात्र कागदावरच असतात. शेअर, करार, नातं, घटनादुरुस्तीची तारीख. तो मुद्दा अर्जात वर घ्या, दिरंगाईचा त्याच्या खाली.

कट्ट्यावरचा अंपायर:
पण श्रीसंत तर कोर्टातून सुटला ना? मग मंडळाचीच कारवाई चुकीची ठरली. खेळाडूला विनाकारण चिरडलं म्हणून जाब विचारायला हवा.

पुराव्यानिशी:
सुटला तो फौजदारी खटल्यातून. दिल्ली पोलिसांनी मकोका लावला होता, म्हणजे आपला महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीचा कायदा, जो दिल्लीतही लागू आहे. जुलै २०१५ मध्ये पतियाळा हाउस न्यायालयाने आरोपींना दोषमुक्त केलं. सामना ठरवून खेळणं हा स्वतंत्र गुन्हा म्हणून आपल्याकडे कायद्यातच नाही, त्यामुळे असे खटले फसवणूक नाहीतर मकोका यांच्या खुंटीला टांगावे लागतात आणि गळून पडतात. शिस्तभंगाच्या चौकशीत पुराव्याचं माप वेगळं असतं: शंकेपलीकडे नव्हे, तर काय घडलं असण्याची शक्यता जास्त आहे, एवढंच बघतात. १५ मार्च २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने श्रीसंतचा दोष कायम ठेवला, फक्त आजीव बंदी काढून शिक्षा नव्याने ठरवायला सांगितलं. ती सात वर्षांवर आली आणि सप्टेंबर २०२० मध्ये संपली.

तुमच्या म्हणण्यात अर्धं तथ्य आहे. शिक्षेचं प्रमाण ठरवताना मंडळाचा तोल सुटला होता, हे त्या निकालातून दिसतंच.

न्यूजर्सीकर:
अमेरिकेतल्या एनएफएलमध्येही (तिथल्या फुटबॉलची लीग) हाच पेच आला होता, आणि तो आमच्याच राज्यात सुरू झाला. फेब्रुवारी २०१४, अटलांटिक सिटीचा कॅसिनो. बाल्टिमोर संघाचा खेळाडू रे राइसने लिफ्टमध्ये होणाऱ्या बायकोला ठोसा मारून बेशुद्ध केलं. लीगचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, रॉजर गुडेल यांनी जुलैत दोन सामन्यांची बंदी दिली. ओरड झाल्यावर ऑगस्टअखेर पहिल्याच गुन्ह्याला सहा सामने असा नियम केला. ८ सप्टेंबरला लिफ्टमधला व्हिडिओ बाहेर आला आणि त्याच दिवशी बंदी बेमुदत झाली. नोव्हेंबरात लवाद म्हणून बसलेल्या माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी ती बेमुदत बंदी उडवली. राइसने लीगपासून काही लपवलं नव्हतं, मग एकाच कृत्याला दुसरी शिक्षा कशाची?

गुडेल यांच्या हाताळणीची चौकशी एफबीआयचे माजी संचालक रॉबर्ट म्यूलर यांनी केली. जानेवारी २०१५ चा अहवाल ९६ पानांचा. लीगमध्ये कोणी तो व्हिडिओ आधी पाहिल्याचा पुरावा नाही, असा निष्कर्ष. पण लीगच्या तपासनीसांनी पोलिसांकडे, सरकारी वकिलांकडे किंवा कॅसिनोकडे तो मागितलाच नव्हता. 'आम्हाला माहीत नव्हतं' ही सबब इथे उघडी पडते. विचारलं नाही म्हणून माहीत नव्हतं. तुमच्याकडच्या तक्रारीतही 'काय माहीत होतं' याच्यासोबत 'काय मागवलं नाही' याची यादी करा. स्कोअररची वही, हॉटेलचं सीसीटीव्ही, संघ व्यवस्थापकाचा अहवाल. सीसीटीव्हीचं फुटेज बऱ्याच ठिकाणी काही आठवड्यांत पुसलं जातं, तेव्हा ते जपून ठेवा असं पत्र पहिल्याच दिवशी हॉटेलला जायला हवं.

आणखी एक युक्ती ओळखून ठेवा. वॉशिंग्टन संघाच्या कार्यालयातल्या छळाची चौकशी वकील बेथ विल्किन्सन यांनी केली, पण २०२१ मध्ये लीगने लेखी अहवाल घेतलाच नाही, निष्कर्ष तोंडी ऐकले. संघाला १ कोटी डॉलर दंड केला आणि विषय बंद करायला बघितला. शेवटी अमेरिकी काँग्रेसच्या (संसदेच्या) समितीने लक्ष घातलं, दुसरी चौकशी झाली, २०२३ मध्ये लेखी अहवाल आला आणि मालक डॅन स्नायडर यांना ६ कोटी डॉलर दंड झाला. तोंडी अहवालाची बातमी कानावर आली की समजावं, कोणाला तरी कागद नको आहे.

गुडेल अजूनही खुर्चीत आहेत, बरं का. त्यांना काढणं संघमालकांच्या हातात, आणि मालकांची तिजोरी भरतेय.

नियम_क्रमांक_४१:
आता मूळ प्रश्नाच्या दुसऱ्या भागाकडे. बीसीसीआयच्या २०१८ च्या घटनेत गैरवर्तनाचा नियम ४१ आहे. तो खेळाडूंइतकाच पदाधिकाऱ्यांनाही लागू आहे, हे बरेच जण विसरतात. तक्रार आली की ॲपेक्स कौन्सिलने (मंडळाची कारभार पाहणारी समिती) ४८ तासांत ती सीईओकडे प्राथमिक चौकशीला द्यायची, सीईओने १५ दिवसांत अहवाल द्यायचा, मग प्रकरण लोकपालाकडे. लोकपाल म्हणजे मंडळातल्या तक्रारींचा निवाडा करणारे सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश किंवा उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीच्या सुधारणांनंतर राज्य संघटनांच्या घटनाही याच धर्तीवर बदलल्या, त्यांच्यातही लोकपाल आहे. आपल्या संघटनेच्या घटनेत मुदती काय आहेत हे मूळ प्रतीत बघा, ऐकीव आकड्यांवर जाऊ नका.

बिघडतं कुठे? पद रिकामं असतं. जानेवारी २०१९ मध्ये हार्दिक पंड्या आणि के. एल. राहुल यांना टीव्हीवरच्या बडबडीवरून निलंबित केलं. चौकशी करायची कोणी, तर लोकपालच नव्हता. मंडळ चालवायला सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या प्रशासक समितीतल्या दोघांचं, विनोद राय आणि डायना एडलजी यांचं, पुढच्या वाटेबद्दल एकमत होईना. दोन आठवड्यांत निलंबन उठलं. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने न्या. डी. के. जैन यांना नेमलं, एप्रिलमध्ये दोघांना प्रत्येकी २० लाख दंड झाला. एका कार्यक्रमातल्या विधानांचा निकाल लागायला तीन महिने, तेही सगळा पुरावा अख्ख्या देशाने बघितलेला असताना!

स्लिपमधला:
छान माहिती. आता समजा राज्य संघटनेच्या लोकपालाकडे अर्ज केला आणि उत्तरच नाही. धर्मादाय आयुक्त, हायकोर्ट, माहितीचा अधिकार, यातलं काय चालतं?

नियम_क्रमांक_४१:
माहितीचा अधिकार बाजूला ठेवा. २०२५ च्या राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्यानेही तो सरकारी पैसा घेणाऱ्या संघटनांपुरताच ठेवला आहे. श्रीमंत क्रिकेट संघटनेकडून त्या वाटेने काही हाती लागेल ही आशा धरू नका.

धर्मादाय आयुक्तांची वाट आपल्याकडे आहे, कारण संघटना सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली असते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ड खाली विश्वस्ताला निलंबित करता येतं, काढताही येतं, आणि अर्ज हितसंबंधित व्यक्ती करू शकते. पण तिथे न्यासाचं नुकसान, विश्वासभंग, कर्तव्यात सतत कसूर असं काही दाखवावं लागतं. 'खेळाडूला कमी शिक्षा दिली' एवढ्यावर ४१ड चा अर्ज टिकणार नाही. लीगच्या पैशात पदाधिकाऱ्याचा वाटा असेल तर गोष्ट वेगळी. जाता जाता चेंज रिपोर्टही (विश्वस्त बदलल्याची आयुक्तांना दिलेली माहिती) बघून घ्या. निवडून आलेली मंडळी आयुक्तांच्या नोंदीवर आली आहेत का, हे तिथे कळतं.

हायकोर्टात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट, म्हणजे न्यायालयाचा आदेश मागणारी याचिका. २०१५ च्या निकालाने स्पष्ट केलं की मंडळ 'राज्य' (म्हणजे घटनेच्या अर्थाने सरकारी संस्था) नसलं तरी सार्वजनिक काम करतं, म्हणून रिट चालतं. राज्य संघटनेबाबतही हाच युक्तिवाद करता येतो. आणि अर्जदार कोण, याची फार धास्ती नको. बिहारच्या त्या संघटनेला तेव्हा मंडळाची मान्यताही नव्हती. मात्र आधी लेखी मागणी, पोच, स्मरणपत्र, असा कागद लागतो. तो नसेल तर पहिल्याच तारखेला 'आधी लोकपालाकडे जा' म्हणून परत पाठवतील.

मागणी करताना 'पदाधिकाऱ्यांवर कारवाई करा' असं मोघम लिहू नका. समिती नियमाप्रमाणे नाही म्हणून रद्द करा, स्वतंत्र समिती न्यायालयानेच नेमा, अहवाल लेखी आणि मुदतीत घ्या. २०१३ च्या हायकोर्ट निकालात राहिलेली पोकळी मधल्या मागणीने भरते.

महिलेशी गैरवर्तनाची तक्रार असेल तर लोकपालाची वाट बघतच बसू नका. २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात स्टेडियम आणि स्पर्धेची जागा 'कामाचं ठिकाण' धरली आहे. तक्रार ३ महिन्यांत करायची, समितीला सबळ कारण पटलं तर आणखी ३ महिने मिळतात. चौकशी ९० दिवसांत संपवायची. दहा किंवा जास्त कर्मचारी असून अंतर्गत समितीच नेमलेली नसेल तर ५० हजारांपर्यंतचा दंड थेट आस्थापना चालवणाऱ्यांवर येतो. अंतर्गत समिती नसेल किंवा तक्रार प्रमुखाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. हाताळणीतल्या कसुरीबद्दल वरच्यांनाच शिक्षा ठेवणारा इतका सरळ कायदा या विषयात दुसरा नाही, आणि क्रिकेटवाल्यांच्या चर्चेत त्याचं नावही निघत नाही.

आणि हे सगळं घडण्याआधी करायचं काम: लोकपालाची नेमणूक वार्षिक सर्वसाधारण सभेत होते, मुदत साधारण एक वर्षाची. सभेची विषयपत्रिका हातात आली की हा विषय तिच्यात आहे का ते बघा. नसेल तर क्लबच्या लेटरहेडवर लेखी मागणी द्या आणि पोच घ्या.