अनुभव: कागदावरची ती वेळ

मीनल_म: कपाट आवरताना दादाची हॉस्पिटलची फाईल हाती आली. सात वर्षं झाली. शेवटच्या पानावर 'मेंदूमृत्यू (ब्रेन डेथ)' आणि मृत्यूची वेळ दुपारी ४:१२. आम्ही तर रात्री नऊपर्यंत त्याचा हात धरून बसलो होतो! काका पोचेपर्यंत व्हेंटिलेटर ठेवला होता. हात ऊबदार, मॉनिटरवर ठोके. आई डॉक्टरांवर कडाडली होती, "धडधडतंय अजून, आणि तुम्ही मृत्यू लिहिता?" आज पहिल्यांदाच नीट वाचलं. आधी तापमान, बीपी, झोपेच्या औषधांचा अंमल उतरल्याची नोंद. मग बाहुल्यांवर प्रकाश: प्रतिसाद नाही. बुबुळाला कापूस: नाही. कानात बर्फाचं पाणी: डोळे स्थिर. पानभर नुसतं नाही, नाही. तुमच्यापैकी कोणी यातून गेलंय? लिहा.

अबोली: सासरे. दोनदा तपासलं, दोन्ही वेळी वेगळे डॉक्टर. मला बाहेर जा म्हणाले, मी गेले नाही. बरं झालं. नंतर लिहिते, बाळ उठलं.

खडूस: कोमा आणि हे एकच ना?

रातपाळी: नाही हो. कोमात मेंदूचं थोडंफार काम चालू असतं, माणूस परतूही शकतो. यात श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या देठाचंही काम बंद, कायमचं. मी आयसीयूत नर्स आहे, अ‍ॅप्निया टेस्टला (माणूस स्वतःहून श्वास घेतो का ते बघतात) उभी राहिलेय. आधी भरपूर ऑक्सिजन, मग व्हेंटिलेटर सुटा करायचा, नळीतून ऑक्सिजन चालूच. आठ-दहा मिनिटं सगळे छाती-पोटाकडे बघत. रक्तातला कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० मिमी पाऱ्याच्या पुढे, आणि मूळच्या आकड्याहून निदान २० ने जास्त, तरी एकही श्वास नाही, तर संपलं. मध्येच बीपी कोसळलं तर टेस्ट थांबवतात, मग मेंदूतला रक्तप्रवाह बघायची वेगळी तपासणी. ती आठ मिनिटं फार लांब असतात.

सुमामावशी: आमच्या ह्यांचा पाय हलला होता गं. मी ओरडले, जिवंत आहेत!

रातपाळी: मावशी, ते मज्जारज्जूतून येतं, मेंदूतून नाही. कधी हातसुद्धा उचलला जातो. घरच्यांना आधी सांगायला हवं, आमचेच लोक विसरतात.

सुमामावशी: तेव्हा कोणी असं सांगितलं असतं तर. असो.

पक्या: फाईलमधलं अक्षर वाचता आलं हेच नवल 😅 सॉरी मीनल.

मीनल_म: हसले रे. छापील फॉर्म होता, म्हणून.

जुना_डॉक्टर: व्हेंटिलेटर नव्हते तेव्हा हा प्रश्नच नव्हता, श्वास गेला की हृदयही जायचं. १९५९ मध्ये मोलारे आणि गुलों या फ्रेंच डॉक्टरांनी अशा रुग्णांचं वर्णन केलं, १९६८ मध्ये हार्वर्डच्या समितीने निकष मांडले. देशागणिक नियम वेगळे. अवयवदान असेल तर प्रत्यारोपण करणारी टीम हा निर्णय देत नाही, हे मात्र बहुतेक सगळीकडे पाळतात.

अबोली: झोपलं परत. आमच्याकडे अवयवदानाचं विचारलं, पण जाहीर केल्यानंतरच. नणंद अजून बोलत नाही माझ्याशी, वेगळी कथा.

खडूस: लिहाच ती.

मीनल_म: रातपाळी, मग हे ४:१२ कुठून आलं?

रातपाळी: बऱ्याच ठिकाणी टेस्टनंतरचा गॅस रिपोर्ट (रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा आकडा) हाती येतो ती वेळ लिहितात. ठोके थांबल्याची नाही. रिपोर्टचा कागद असेल बघ फाईलमध्ये.

मीनल_म: आहे. ४:०९ चा. आईला फोन केला, वाचून दाखवलं. ऐकत राहिली, मग म्हणाली फाईल टाकू नकोस.