मुलगी स्वीडनबोर्ग पंथाच्या मुलांमध्ये रमली आहे. पुन्हा पाठवावं का?

प्रश्न: बॉस्टनजवळची आई

नमस्कार मंडळी. बरेच दिवस लिहू की नको करत होते.

माझी लेक सोळा वर्षांची आहे. बोलताना अडखळते. अगदी लहानपणापासून. स्पीच थेरपी चार वर्षं झाली, फरक पडला, पण नाव सांगायची वेळ आली की पहिलं अक्षर तोंडातच अडकतं. आमच्या इथल्या मंडळात दोन वर्षांपूर्वी गणपतीत तिला दोन कार्यक्रमांची ओळख करून द्यायची होती. घरी आरशासमोर दहा वेळा म्हटलं होतं. स्टेजवर तिसऱ्या वाक्याला अडली. एका काकांनी हसून, अगदी मायेनं, तिच्या हातातून माईक घेतला आणि वाक्य पूर्ण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ती त्या दिवसापासून मंडळात आली नाही. आरतीलाही नाही.

शाळेच्या बँडमध्ये तिची एक मैत्रीण आहे. ते कुटुंब स्वीडनबोर्ग नावाच्या छोट्या ख्रिस्ती पंथाचं. केंब्रिजमधल्या स्वीडनबोर्ग चॅपलला जातं, हार्वर्डच्या अगदी कडेला दगडी बांधणीचं छोटं देऊळ आहे ते. गेल्या ऑगस्टमध्ये ते तिला मेनमधल्या फ्रायबर्गला दोन आठवड्यांच्या कॅम्पला घेऊन गेले. तिथे साको नदी आहे. मुलं कनूमधून जातात, पोहतात, ताटं विसळायच्या पाळ्या असतात. सकाळी धर्मग्रंथावर बोलणं, रात्री सगळी मोठी मुलं गोल करून बसतात. ज्याला बोलायचं तो बोलतो.

परत आली त्या रात्री तिनं सांगलीला आजीला स्वतःहून फोन लावला. पंचवीस मिनिटं बोलली. अडखळत, पण थांबली नाही. मी स्वयंपाकघरात कट्ट्याला धरून उभी होते.

मी विचारलं, तिथे काय वेगळं होतं गं? म्हणाली, "आई, तिथे माझं वाक्य कोणी पुरं करत नाही."

आता तिला त्या मुलांच्या रिट्रीटला जायचंय. शनिवार-रविवार. तिथे एक मुलगाही आहे, रोज मेसेज चालू असतात, तिनं स्वतः सांगितलं मला. आणि मध्येच काहीतरी बोलते, की मेल्यावर माणूस ज्याच्यावर खरं प्रेम करतो तशाच प्रेमाच्या लोकांत जाऊन राहतो. ह्यांचं म्हणणं, हे धर्मांतराचं पहिलं पाऊल आहे. मला तसं वाटत नाही, पण ठामपणे सांगता येत नाही. खरं सांगायचं तर मला दुसरंच टोचतंय. जे आपल्या माणसांत मिळायला हवं होतं ते तिला तिकडे मिळालं.

कोणाला या पंथाची जवळून माहिती आहे का? ते बाप्तिस्म्यासाठी मागे लागतात का?

---

उत्तर: फिलाडेल्फियाकडचा

ताई, माझी बायको याच पंथात वाढली. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली. मी आजही रोज रामरक्षा म्हणतो, तिनं कधी हरकत घेतली नाही. त्यामुळे जे सांगतोय ते घरातलं आहे.

आधी एक फरक लक्षात घ्या. यांच्या अमेरिकेत दोन मोठ्या शाखा आहेत. आमच्या बाजूला ब्रिन अथिनची, जिथे मोठं कॅथीड्रल आहे आणि पंथाची स्वतःची शाळा-कॉलेज आहे. ती जास्त शिस्तीची, धर्मगुरू फक्त पुरुष. तुमची मुलगी जाते ती दुसरी, १८१७ सालापासूनची जुनी संघटना. तिथे १९७५ पासून स्त्रियाही धर्मगुरू होतात. संख्येनं फार लहान लोक आहेत हे. म्हणूनच त्यांची मुलं वर्षातून काही वेळा लांबून लांबून एकत्र जमतात आणि एकमेकांना घट्ट धरून राहतात. शाळेत त्यांच्या चर्चचं नावसुद्धा कोणी ऐकलेलं नसतं. ज्याला स्वतःला कायम "हे काय असतं?" असं विचारलं गेलंय, तो दुसऱ्या वेगळ्या मुलाला पटकन जागा करून देतो. माझ्या बायकोच्या जिवाभावाच्या तीनही मैत्रिणी अशाच कॅम्पातल्या आहेत.

इमॅन्युएल स्वीडनबोर्ग (१६८८-१७७२) हा स्टॉकहोमचा. स्वीडनच्या खाण मंडळात अधिकारी, धातुशास्त्र आणि शरीरशास्त्रावर लिहिणारा. पन्नाशी ओलांडल्यावर त्याला दर्शनं होऊ लागली आणि पुढची सगळी वर्षं त्यानं स्वर्ग-नरकाबद्दल लॅटिनमध्ये लिहिण्यात घालवली. चर्च त्यानं काढलंच नाही, ते त्याच्या मृत्यूनंतर १७८७ मध्ये लंडनला त्याच्या वाचकांनी सुरू केलं. मुलगी म्हणते ते त्याचंच आहे: स्वर्ग म्हणजे बक्षीस नाही, सारख्या प्रेमाच्या माणसांची वस्ती. आणि प्रेम म्हणजे काय, तर दुसऱ्याचा आनंद आपल्यात आपला म्हणून जाणवणं. बायको हे मुलांना भांडणं सोडवताना ऐकवते. ख्रिस्ती नसलेला माणूस आपल्या धर्मानं चांगला जगला तर तोही स्वर्गात जातो, असं त्यानं १७५८ मध्येच स्वच्छ लिहून ठेवलंय. त्या काळात हे लिहायला छाती लागत होती. बाप्तिस्म्यासाठी माझ्या मागे बावीस वर्षांत कोणी लागलेलं नाही.

हेलन केलर याच पंथाची. जॉन हिट्झ नावाच्या वयस्कर स्नेह्यानं तिला तरुण वयात स्वीडनबोर्गचं पुस्तक उठावाच्या अक्षरांत दिलं. डोळे नाहीत, कान नाहीत, अशा मुलीला त्यात आपली जागा सापडली आणि तिनं पुढे १९२७ मध्ये त्यावर पुस्तकच लिहिलं.

आणि हे मुद्दाम तुमच्या लेकीसाठी. स्वीडनबोर्ग स्वतः बोलताना अडखळायचा. त्याला ओळखणाऱ्यांनीच ते लिहून ठेवलंय. घाई केली की जास्त. सावकाश बोलायचा, आणि तो बोलायला लागला की लोक गप्प होऊन ऐकायचे.

मुलाबद्दल: या लोकांत लग्नाला फार मोठं स्थान आहे. खरं जुळलेलं लग्न मृत्यूनंतरही टिकतं असं ते मानतात. त्यामुळे मुलं प्रेमाबद्दल गंभीरपणे बोलतात, कधी वयाच्या मानाने जास्तच. सोळाव्या वर्षी "हाच का तो कायमचा?" हा प्रश्न डोक्यावर बसू शकतो. त्याबद्दल तिच्याशी बोला, घाई नसते हे तिला तुमच्याकडून ऐकू दे.

---

उत्तर: नाशिकची निवृत्त शिक्षिका

तत्त्वज्ञान कितीही चांगलं असो, पोर सोळा वर्षांची आहे. बरोबर मोठी माणसं किती? मुली-मुलं कुठे झोपतात? गाडी कोण चालवणार? रात्री फोन जवळ असतो का? हे सगळं आयोजकांना सरळ विचार आणि उत्तरं लेखी घे. चांगली माणसं असतील तर त्यांना राग येणार नाही. त्या मुलाच्या आईशी एकदा बोल. आणि ज्या रविवारी मुलगी जाते त्या रविवारी तूही जाऊन बस. लांबून भिण्यापेक्षा ते बरं.

---

उत्तर: नगरचा

आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती, नगरचे. तुमच्या यजमानांची भीती मला कळते, आमच्या पणजोबांच्या घरी ती खरी झाली होती आणि त्यातून भाऊ भावाला तुटला. म्हणून हलक्यानं घेत नाही.

पण एक गोष्ट सांगतो. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, १९१७ मध्ये, 'देवाचा दरबार' काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र बसत. मिशनची चौकट सोडून त्यांनी हे केलं, तेही साताऱ्यात, आपल्याच मातीत. एका सतरंजीवर बसायला आधी नाव बदलावं लागत नाही, हे मराठी माणसानंही करून पाहिलं आहे. आमच्या तरुण संघात माझा सर्वांत जवळचा मित्र वारकरी घरातला होता. तो पेटी वाजवायचा. आजही दर आषाढीला वारीला जातो.

---

मूळ प्रश्न विचारणारी आई

सगळ्यांचे आभार. बाईंनी सांगितलं तसं केलं. दोन रविवार चॅपलमध्ये जाऊन बसले. माणसं मोजकीच. दुसऱ्या रविवारी लेकीला वाचायला बोलावलं, बायबलमधला लहानसा उतारा. मी खुर्चीची कड धरली. चौथ्या ओळीला ती अडली. खूप वेळ. मागच्या बाकावर एका बाळानं काहीतरी टाकलं तेवढाच आवाज. कोणी खाकरलं नाही, कोणी मान हलवून धीर दिला नाही, तिच्याकडे टक लावूनही बघितलं नाही. फक्त थांबले. मग तो शब्द आला आणि ती पुढे वाचत गेली.

गाडीत मी मोठ्या उत्साहानं सांगितलं, स्वीडनबोर्गपण अडखळायचा म्हणे! ती म्हणाली, "माहितीये. पहिल्याच रात्री सांगितलं मला त्यानं." त्यानं म्हणजे त्या मुलानं. त्याला स्वतःला वाचताना अक्षरं उलटी दिसतात.

आणि त्या काकांना मी दोन वर्षं मनात बोल लावत होते, पण घरी तिची वाक्यं सगळ्यात जास्त मीच पुरी करते. काल जेवताना तिला लोणचं हवं होतं. 'लो'वर थांबली. माझा हात बरणीकडे गेला होता, तो मागे घेतला.

रिट्रीटला सहा मोठी माणसं आहेत, मुलींची सोय वेगळ्या इमारतीत आहे, गाडी मैत्रिणीची आई चालवणार. त्या मुलाच्या आईशी बोलणं झालं, तीही माझ्याइतकीच धास्तावलेली निघाली. फॉर्मवर मी सही केली आहे. ह्यांनी अजून केलेली नाही, दोघांची लागते.

नगरकर, ह्यांना तुमचं उत्तर वाचून दाखवलं. 'देवाचा दरबार' त्यांना माहीत नव्हता. साताऱ्यात तो नेमका कुठे भरायचा, असं विचारत होते. त्यांचं आजोळ साताऱ्याचं आहे. सांगाल का?