मदत हवी आहे: १९३९चा रुपया अस्सल की ८चा ९ केलेला?

ऑनलाइन लिलावात सहाव्या जॉर्जचा १९३९चा रुपया आलाय. १९४० किंवा नंतरच्या नाण्यावरून केलेला नसावा, कारण कडेला नुसत्या उभ्या रेघा आहेत; त्या नाण्यांच्या कडेच्या मधोमध असते ती सुरक्षा-खाच (नक्कल रोखण्यासाठीची खोबण) नाही. खरी शंका १९३८ची: नाण्यावरच्या इंग्रजी 8चा खालचा डावा भाग खरवडला की 9 तयार! दोन्ही ९१.७ टक्के चांदीचे, ११.६६ ग्रॅमचे, म्हणजे वजनकाटा इथे निरुपयोगी. शेवटच्या ९भोवतीचा पृष्ठभाग जरा जास्तच गुळगुळीत वाटतो, पण विक्रेत्याने (नेहमीप्रमाणे) उजेड समोरून टाकलाय. तिरप्या उजेडातला, जवळून काढलेला फोटो मागवलाय. त्यात शेपटीची जाडी पहिल्या ९शी ताडून बघायची, की आधी हत्याराचे ओरखडे शोधायचे? खात्रीच्या १९३९च्या आकड्यांचा स्पष्ट फोटो कोणाकडे आहे का? बोली रविवारी रात्री बंद होतेय.