मदत हवी आहे : जेलच्या जागेचं काय करू? शुक्रवारी ज्युरी (परीक्षकांसमोर सादरीकरण) आहे!

प्लॅन_अडला : आर्किटेक्चरच्या थीसिसचा विषय जुन्या जेलच्या जागेचा पुढचा वापर. गाईडनी 'म्युझियम सोडून काहीही आण' म्हणत शीट्स परत केल्या. भिंत आणि बराकी ठेवायच्यात. काय करता येईल? लवकर सांगा, आणि 'गुगल कर' नको.

गोदाकाठ : कुठलं जेल? नाशिकरोडचं असेल तर ते चालू आहे. आतल्यांना कुठे पाठवणार?

प्लॅन_अडला : नाशिकरोडचंच, अजून कुठलं! जेल दुसरीकडे हललंय असं धरलंय.

मिसळ_आणि_तर्री : पार्किंग करा. २०२७ च्या सिंहस्थात दुवा देतील लोक.

जुना_देवळालीकर : पार्किंग? साने गुरुजींनी १९३३ साली 'श्यामची आई' त्या जेलात लिहिली! स्मारकच हवं. अनंत कान्हेरेही तिथेच होते.

गोदाकाठ : काका, कान्हेऱ्यांना १९१० साली ठाण्याच्या जेलात फाशी झाली. नाशिकरोडचं जेल १९२७ चं. गुरुजींचं बरोबर आहे.

जुना_देवळालीकर : सनावळी चुकली, भावना नाही चुकली.

रेघोट्या : बंगळूरच्या जुन्या सेंट्रल जेलचा फ्रीडम पार्क झाला, २००८ मध्ये उघडला. टेहळणी बुरूज ठेवला, काही बराकींचे अवशेष राखले आणि एक भाग धरण्या-मोर्च्यांना दिला. खरगपूरची आयआयटी १९५१ मध्ये हिजलीच्या बंदी-छावणीच्या इमारतीत सुरू झाली. पण तुला लांब जायची गरज नाही. नाशिकरोडला कैदी गणपती घडवतात, फर्निचर करतात. तेच काम पुढे ने : सुटून आलेल्यांसाठी वर्कशॉप, रस्त्याच्या बाजूला दुकान. लांबट बराकीला वर्गखोलीपेक्षा वर्कशॉप बरं बसतं. फक्त भिंतीला किती दारं पाडायची ते आधी ठरव, नाहीतर आतलं सगळं लटकतं. सेक्शन (इमारतीचा उभा छेद) आहे का?

प्लॅन_अडला : सेक्शन कुठून आणू, आत सोडतात का? गुगल अर्थवरून ट्रेस केलंय.

गोदाकाठ : म्हणजे नुसते छपराचे पत्रे बघून बराकी राखायच्या ठरवल्यात!

भटका_०२५३ : तेलंगणात संगारेड्डीच्या जुन्या जेलात ५०० रुपये भरून एक दिवस कैदी व्हायची सोय काढली होती. तसलं करा, तुफान चालेल.

गोदाकाठ : घरातलं कोणी आत असलेल्या माणसाला सांगून बघा ही मजा.

भटका_०२५३ : अहो, २०२१ पासून येरवड्यातही जेल पर्यटन सुरू झालं, त्यात काय एवढं?

रेघोट्या : येरवड्यात इतिहास दाखवतात हो, कैदीपणा विकत नाहीत.

प्लॅन_अडला : भांडण नंतर करा ना! वर्कशॉप आणि दुकान धरतो, भिंतीला एकच नवं दार. चालेल?

रेघोट्या : ज्युरीतला पहिलाच प्रश्न येईल, आग लागली तर माणसं कुठून बाहेर काढणार? दुसरं दार मागच्या बाजूला दाखव.

मिसळ_आणि_तर्री : गणपतीवरून आठवलं, जेलच्या मूर्तींचं बुकिंग सुरू झालं का? आमच्याकडे शाडूचीच लागते.