शेजारी गोल आधी, आपल्याकडे नंतर

प्रश्न: १८ डिसेंबर २०२२ रोजी अर्जेंटिना आणि फ्रान्स यांच्यातील विश्वचषकाचा अंतिम सामना मी कोल्हापुरातील घरी नव्या स्मार्ट टीव्हीवर इंटरनेटद्वारे पाहत होतो, तेव्हा एम्बापेच्या दुसऱ्या गोलाचा जल्लोष डिश असलेल्या शेजाऱ्यांकडून आधीच ऐकू आला आणि माझ्याकडे चेंडू अजून मैदानाच्या मध्यावरच होता. दोष टीव्हीचा की वायफायचा?

उत्तर १: बहुधा दोन्हींचा नाही. इंटरनेटवरील प्रक्षेपणात चित्रणाचे काही सेकंदांचे तुकडे केले जातात आणि चित्र मध्येच अडकू नये म्हणून टीव्ही असे दोन-तीन तुकडे साठवूनच पहिला दाखवू लागतो. तुकडा ६ सेकंदांचा धरला, तरी १८ सेकंद तिथेच जातात. त्यामुळे महागडे कनेक्शन घेऊन फारसा फरक पडणार नाही.

उत्तर २: डिशलाही उशीर होतोच, परंतु सुमारे ३६,००० किलोमीटरवरील उपग्रहापर्यंतच्या जाण्यायेण्यात जेमतेम पाव सेकंद जातो. मोबाइलवरील गोलाच्या सूचना मात्र आधी बंद करा. (शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर ही कटकटच नाही!)

प्रश्नकर्ता: आभारी आहे. पुढच्या वेळी शेजाऱ्यांकडेच बसेन म्हणतो. ते फ्रान्सचे समर्थक आहेत, एवढीच अडचण आहे.